रत्नागिरीचे समुद्रकडे पायी: वाट नंतर, आधी तिथी

पुण्याहून चौघं येताय. तुम्ही दोघं, बारा वर्षांचा मुलगा आणि बासष्टीचे वडील. सह्याद्रीतले किल्ले चढायची सवय सगळ्यांना आहे. हिवाळ्यात तीन दिवस रत्नागिरी आणि परिसरात काढायचे आणि समुद्राकाठच्या कड्यांवरून रत्नागिरी ते गणपतीपुळे सलग चालत जायचं, असा बेत आहे. तारखा अजून ठरलेल्या नाहीत. अशी वाट आहे का, कधी यावं, वाटाड्या लागेल का, असं विचारलंत. इंग्लंडमधल्या भावाने तिथल्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरची 630 मैलांची वाट सांगितली, तसंच काहीतरी इथेही असेल असं तुम्हाला वाटलं.

तशी वाट इथे नाही. कड्याच्या कडेकडेने जाणारी, खुणा केलेली सलग पायवाट रत्नागिरीच्या आसपास तुम्हाला सापडणार नाही, कारण हा किनारा खाड्यांनी तुटलेला आहे. शहरातून उत्तरेला निघालात की आधी साखरतरची खाडी, मग आऱ्याची. दक्षिणेला गेलात तर भाट्याला काजळी नदीची, पूर्णगडला मुचकुंदीची. खाडी आली की पूल गाठण्यासाठी मुकाट्याने डांबरी रस्त्याला लागायचं. दोन खाड्यांमधला डोंगर चढून गेलात तर वर आंबा-काजूच्या खासगी बागा आणि त्यांना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे रचलेल्या कुंपणभिंती. म्हणून इथे तुकड्यातुकड्याने चालायचं: एक टोक, एक घळ, एक पुळण (वाळूचा किनारा), मग गाडी नाहीतर एसटी, आणि पुढचं टोक. 'गणपतीपुळ्यापर्यंत अख्खे 25 किलोमीटर चाललो' असं घरी सांगायचा मोह सोडा. सलग चाललात तर त्यातला बराच भाग पर्यटकांच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत डांबरावरून चालाल, आणि चांगले कडे तर या टप्प्याच्या बाहेरच राहतील.

आता कधी यावं ते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. पण तुमचे तीन दिवस महिन्यापेक्षा तिथीवर जास्त अवलंबून आहेत. सह्याद्रीतला माणूस शनिवार-रविवार बघून तारीख पक्की करतो. इथे शनिवार-रविवार मागाहून. कड्याखालच्या कातळावर जायचं की वरच्या वरून परत फिरायचं, हे पाण्याची वेळ ठरवते, आणि पाण्याची वेळ भिंतीवरच्या दिनदर्शिकेत छापलेली असते.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहाला, एकादशीला सव्वाआठला, पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकराला. पक्ष शुक्ल असो की कृष्ण, आकडा तोच, आणि दिवसा जी वेळ तीच साधारण रात्री. त्यात सव्वासहा तास मिळवा किंवा वजा करा, पूर्ण ओहोटीची वेळ मिळते. हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, शिवाय दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. म्हणून आदल्या रात्री रत्नागिरीचा भरती-ओहोटीचा तक्ता मोबाइलवर बघायचाच. मुंबईचा तक्ता इथे लावू नका. मुंबईला उधाणाचं पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, रत्नागिरीला दोन-अडीच.

या हिशेबातून पुढे काय निघतं ते बघा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि खूप ओसरतं. पण ओहोटी येते पहाटे पाचच्या आसपास आणि पुन्हा संध्याकाळी साडेपाचच्या आसपास. हिवाळ्यात एक वेळ अंधाराची आणि दुसरी अंधार पडायला आलेला असतो तेव्हाची. भर दिवसा, नेमकं तुम्ही फिरत असता तेव्हा, समुद्र कड्याला भिडलेला. अष्टमीला उलट: ओहोटी दुपारी बाराला, सोयीची, पण पाणी भांगाचं. ते धड ओसरतच नाही, कातळ अर्धामुर्धाच उघडा पडतो. मधले दिवस खरे कामाचे. द्वितीया ते पंचमी, पक्ष कुठलाही चालेल. उधाणाचा जोर अजून टिकून असतो आणि ओहोटी सकाळी सव्वासात ते साडेनऊच्या दरम्यान येते. कोवळ्या उन्हात खाली उतरायचं, कातळ बघायचा आणि पाणी वळायच्या आत वर येऊन न्याहारी करायची. तुमचे तीन दिवस प्रतिपदा, द्वितीया आणि तृतीयेला बसले तर पुढचा सगळा बेत आपोआप जुळतो. त्यात शनिवार-रविवार आला तर नशीब, नाही आला तर रजा टाका. गर्दीही कमी मिळेल.

तक्ता खिशात असला तरी कातळ वाचता आला पाहिजे. ओहोटीला खाली उतरलात की कड्याच्या पायथ्याकडे नीट बघा, पट्टे दिसतील. सगळ्यात खाली हिरवं-तपकिरी शेवाळ. त्याच्या वर कालवं, कातळाला घट्ट चिकटलेली, कडा ब्लेडसारख्या. आणखी वर पांढऱ्या खरखरीत शिंपल्यांचा दाट थर. मग एक काळा, गुळगुळीत दिसणारा पट्टा. त्याच्या वर कोरडा, करडा दगड. पांढरा थर संपतो तिथवर भरतीचं पाणी रोज येतं. काळ्या पट्ट्यावर लाटांचे शिंतोडे येतात, आणि हा पट्टा कोरडा असताना निरुपद्रवी वाटतो पण जरा ओला झाला की त्यावर ट्रेकिंगचे जाड बूटसुद्धा सरकतात. बसायचं, डबा खायचा, सॅक ठेवायची ती काळ्या पट्ट्याच्याही वर. पायाखाली कालवं दिसत असतील तर सहा तासांनी त्याच जागी तुमच्या मुलाच्या डोक्याइतकं पाणी असू शकतं, हे त्याला दाखवून सांगा. बारा वर्षांच्या पोराला ते लगेच कळतं, मोठ्यांना सांगावं लागतं.

गावाजवळच्या कातळावर सकाळच्या ओहोटीला बायका कालवं काढताना दिसतील. उकिडवं बसायचं, छोट्या लोखंडी हत्याराने शिंपला टोचून उघडायचा, आतलं मांस भांड्यात टाकायचं आणि बसल्याबसल्या पुढे सरकायचं. गप्पा चालू असतात, हात चालू असतात, पण समुद्राकडे पूर्ण पाठ करून बसलेली सहसा एकही दिसणार नाही. त्यांच्याकडे घड्याळ नसतं आणि लागतही नाही. पाणी वळलं की त्या भांडी उचलतात. त्या उठल्या की तुम्हीही उठा, फोटो राहिला असेल तरी. आणि बोलायला जाल तेव्हा आधी 'मावशी, पाणी किती वाजता वळेल?' हे विचारा, दर नंतर. उत्तर तक्त्यापेक्षा नेमकं मिळेल.

लाटांबद्दल एवढंच, की त्या एकसारख्या येत नाहीत. बऱ्याच साध्या लाटा येऊन जातात आणि मग दोन-तीन थोराड लाटा एकापाठोपाठ येतात. कातळाच्या कडेला जाण्याआधी वर सुरक्षित जागी दहा-पंधरा मिनिटं नुसतं बघत बसा. सगळ्यात मोठी लाट कुठवर पोचली ते हेरा आणि त्याच्या बऱ्याच अलीकडे थांबा. लांब हिंदी महासागरात कुठेतरी वादळ होतं आणि काही दिवसांनी इथे निरभ्र आकाशाखाली, वारा पडलेला असताना, मोठ्या लाटा येऊन थडकतात. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था अशा लाटांचे इशारे देते. निघण्यापूर्वी तो इशारा आहे का हे बघायला दोन मिनिटं लागतात. इशारा असेल त्या दिवशी कड्याखाली उतरायचंच नाही, ओहोटी कितीही खोल असो. तिकडे रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वरला प्रदक्षिणेची वाट पायऱ्या उतरून थेट कातळावर येते. तिथे लाटेने माणसं ओढून नेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येत राहिल्या आहेत. त्यातली बरीच माणसं पोहायला गेलेली नव्हती, नुसती उभी होती.

आता कड्याच्या वरच्या कडेबद्दल. सह्याद्रीतल्या लोकांना इथे फसायला होतं. राजगडाच्या नाहीतर हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर तुम्ही काळ्या पाषाणावर उभे असता. इथे माथ्यावर जांभा आहे. वरून तो कडक, भाजल्यासारखा, अगदी भरवशाचा वाटतो. पण जांभ्याच्या खाली बऱ्याच ठिकाणी मऊ मातीचा थर असतो, पावसाळ्यात पाणी जांभ्यातून झिरपून त्या मातीत उतरतं, माती वाहून जाते आणि वरचा जांभा छज्जासारखा हवेत राहतो. तुम्हाला वरून त्याचा पत्ताही लागत नाही. कड्याच्या पायथ्याशी खोलीएवढे चौकोनी जांभ्याचे धोंडे पडलेले दिसतील. ते एके काळी माथ्यावरच होते, आणि त्यांच्यावरही गवत होतं. कडेला समांतर जाणारी भेग दिसली, त्यात गवत उगवलेलं असलं तरी, तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही. भेग नसेल तरी चार-पाच पावलं आतच राहा. खाली वाकून बघायची हौस असेल तर शेजारच्या टोकावर जा आणि तिथून हा कडा बाजूने बघा. पोकळी दिसते, आणि मग वाकायची हौस आपोआप जाते.

माथ्यावरचा सडा ही आणखी वेगळी गोष्ट. सडा म्हणजे मैलोन्‌मैल उघडा कातळ, सावलीला झाड नाही. त्यावर पायवाट उमटत नाही, त्यामुळे मागे वळून बघत, एखादा टॉवर, देवळाचा कळस, एकटं झाड अशा खुणा धरत चालायचं. गवत वाढलेलं असेल तर चिरेखाणींपासून जपा. चिरे काढून झालेल्या खाणी सरळ भिंतीच्या, काही पुरुषभर आणि काही त्याहून खोल, आणि बहुतेकींना कुंपण नसतं. सपाट मैदान म्हणून तुम्ही मोबाइलमध्ये बघत चालता आणि पुढे जमीनच नसते.

आणि फुरसं. रत्नागिरी जिल्हा त्यासाठी प्रसिद्ध आहे, घाबरवण्यासाठी सांगत नाही. साप लहान, फूटभराचा असतो, दगडाच्या रंगात मिसळून जातो, सैल दगडांखाली आणि गडग्यांच्या सांदीत बसतो. डिवचलं तर अंग अंगावर घासून करवतीसारखा खरखर आवाज करतो. नियम सोपा आहे: जिथे डोळ्यांनी दिसत नाही तिथे हात-पाय घालायचा नाही, गडग्यावर टेकायचं नाही, घोट्यापर्यंत बूट घालायचे. चावलंच तर आवळून बांधणं, चिरा देणं यातलं काही न करता तो अवयव न हलवता सरळ रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय गाठायचं किंवा 108 ला फोन करायचा. कड्यांच्या पायथ्याशी मोबाइलला रेंज बऱ्याचदा नसते, त्यामुळे चौघांपैकी एकाने वर राहिलेलं चांगलं. वडिलांना खाली उतरवायचं नसेल तर ही जबाबदारी त्यांच्याकडे द्या. 'तुम्ही इथे बसा' पेक्षा 'तुम्ही लाटांवर लक्ष ठेवा' हे त्यांनाही आवडेल.

आता प्रत्यक्ष बेत.

पहिल्या दिवशी पुण्याहून येता येता दुपार होईल. सामान टाका आणि चारच्या सुमाराला रत्नदुर्ग गाठा. शहरातच आहे. घोड्याच्या नालाच्या आकाराचा, सुमारे 120 एकरांवर पसरलेला, तीन बाजूंनी समुद्र. 1670 मध्ये शिवाजी महाराजांनी तो आदिलशाहीकडून घेतला. भगवतीच्या देवळापर्यंत गाडी जवळपास पोचते, त्यामुळे संध्याकाळी फिरायला येणारे रत्नागिरीकरही भेटतात. तुम्ही देवळाशी न थांबता दीपगृहाच्या टेकडीकडे चाला. तिथून दक्षिणेला मांडवीची काळसर वाळू आणि उत्तरेला पांढरा समुद्र एकाच नजरेत येतात. एकाच शहराच्या दोन बाजूंना वाळूचा रंग इतका वेगळा कसा, हे मुलाला विचारू द्या. मांडवीकडच्या वाळूत जड, काळ्या खनिजाचे कण जास्त आहेत. तटाच्या आतून चाला, ढासळलेल्या तटावरून नको. हा फेरा वडिलांनाही सहज जमेल, आणि दुसऱ्या दिवशी कोणाचे गुडघे किती चालणार याचा अंदाज तुम्हाला इथेच येईल. मिऱ्याचा किनारा समोर दिसतो, पण तिथे चालायला जायची गरज नाही. समुद्राने जमीन खाल्ली म्हणून बराच किनारा दगडी बंधाऱ्याखाली गेलाय. जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात बसरा स्टार नावाचं जहाज वाहत येऊन तिथेच लागलं होतं, आणि ते बघायला पुढे कित्येक महिने लोक जात होते.

दुसरा दिवस दक्षिणेचा, आणि माझ्या मते तिन्हीतला सगळ्यात चांगला. पहाटे सहाच्या आत निघा. भाट्याचा पूल, पावस, पूर्णगड, गावखडी करत सागरी रस्त्याने कशेळी. अंतर 35 किलोमीटरच्या आसपास, पण रस्ता वळणांचा, तास-सव्वा तास धरा. सूर्य उगवताना कशेळीच्या सड्यावरच्या हत्तीपाशी पोचायचं. हे कातळशिल्प सुमारे 18 मीटर लांबीचं, उघड्या जांभ्यावर कोरलेलं, आणि त्या हत्तीच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं अशा कितीतरी लहान आकृत्या. कोकणातल्या ज्या कातळशिल्पांच्या जागा 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यात ही आहे. रत्नागिरीच्या सुधीर रिसबूड आणि धनंजय मराठे यांनी सडे पालथे घालून अशी शिल्पं शोधली नसती तर आपण अजूनही त्यांवरून गुरं नेत असतो. पहाटेच का, तर कोरीव रेषा उथळ आहेत. तिरप्या उन्हात त्यात सावली भरते आणि आकृत्या उठून दिसतात. दहानंतर गेलात तर तापलेला, सपाट दगड बघून परत याल. शिल्पावर पाय द्यायचा नाही, रेषा उठाव्यात म्हणून खडू-चुना-पाणी काही नाही.

मग देवघळी. कशेळीच्याच समुद्राच्या बाजूला दोन कड्यांच्या मध्ये चिमुकली पुळण अडकलेली आहे. वर माथ्यावर उभं राहिलं की दोन्ही बाजूंना जांभ्याचे कडे आणि खाली हिरवं-निळं पाणी. आख्यायिका अशी की कनकादित्याची मूर्ती घेऊन जाणारं एका व्यापाऱ्याचं गलबत इथे अडलं, काही केल्या पुढे सरकेना, म्हणून मूर्ती इथल्या गुहेत ठेवून तो गेला. पुढे कनका नावाच्या स्त्रीच्या स्वप्नात दृष्टांत झाला आणि गावात सूर्याचं देऊळ उभं राहिलं. उतार तीव्र आहे, सैल मुरमावर पाय घसरतो. वडिलांना वरच थांबू द्या. तिघं उतरलात तर ओहोटीच्या आधी अर्धा तास ते नंतर एक तास, एवढ्याच वेळात. द्वितीयेला सव्वासातला आणि तृतीयेला आठला पाणी पूर्ण ओसरतं, म्हणजे हत्ती बघून सरळ इकडे यायचं, मध्ये चहाला थांबायचं नाही. खाली पोहू नका. घळीच्या तोंडाशी पाणी दोन्ही कड्यांवर आपटून परत फिरतं आणि ते परत जाणारं पाणी जोरदार असतं. इथे गावातला माणूस सोबत घ्याच. गळ टाकायला उतरणारा कोणी मिळाला तर उत्तमच, कारण पायवाट दर पावसाळ्यानंतर थोडी सरकते आणि ती रोज वापरणाऱ्यालाच माहीत असते. त्याला त्याचे पैसे द्या, आधी ठरवून.

परतताना कनकादित्याचं देऊळ, मग गावखडीची सुरूची बनं आणि पूर्णगड. हा किल्ला इवलासा, पण त्याच्या समुद्राकडच्या दरवाजातून मुचकुंदीचं मुख आणि पलीकडची गावखडीची पुळण दिसते. तोवर अकरा वाजलेले असतील. आता उन्हातून कुठेही चालायचं नाही. पावसला जेवा, स्वामी स्वरूपानंदांच्या मठात शांत बसा, झोप काढा. संध्याकाळी वाटलंच तर गणेशगुळे.

तिसरा दिवस उत्तरेचा, सामान गाडीत घालूनच निघा. ओहोटीच्या वेळेला आरे-वारे. दोन पुळणींच्या मधल्या टेकडीवरून जो रस्ता जातो तिथून दिसणारं दृश्य सगळ्यांनी फोटोत पाहिलेलं असतं. तुम्ही गाडी आऱ्याला ठेवून चढावर चालत जा आणि वाऱ्याकडे उतरा, रस्त्याची डावी-उजवी सांभाळून. इथल्या पुळणी दिसायला शांत, पण पाण्यात उतरलेली माणसं बुडाल्याच्या घटना इथेही घडतात आणि गणपतीपुळ्यालाही. पाय बुडवण्यापलीकडे जाऊ नका.

गणपतीपुळ्याला डोंगर हाच देव मानतात, म्हणून प्रदक्षिणा अख्ख्या डोंगराला घालायची. जेमतेम किलोमीटरभराची, फरसबंद वाट, एका बाजूला झाडी आणि एका बाजूला समुद्र. वडिलांना ही सगळ्यात आवडेल. मोदक खाऊन मालगुंड मागे टाकत जयगडच्या रस्त्याला लागा.

जयगडच्या अलीकडे नांदिवड्याचं कऱ्हाटेश्वर चुकवू नका. कड्याच्या टोकावर शंकराचं जुनं देऊळ, आणि मागच्या बाजूने पायऱ्या उतरून गेलं की समुद्राच्या अगदी वर गोड्या पाण्याचं गोमुख. खारा वारा तोंडावर येत असताना ओंजळीत गोडं पाणी. वर सड्यावर पडलेला पाऊस जांभ्यातून झिरपत येतो आणि खालच्या कठीण थरावर अडून कड्याच्या पोटातून बाहेर पडतो. कडा पोखरणारं पाणी आणि हे पाणी एकाच जातीचं. इथून दीपगृहाकडचा सडा वाऱ्याचा आहे, टोपी बांधून ठेवा.

मग जयगड-तवसाळ फेरीबोट. गाडीसकट शास्त्री नदीची खाडी ओलांडायची आणि हेदवीला पोचायचं. हेदवी हे या सगळ्या बेतातलं एकमेव ठिकाण जिथे ओहोटी नको, भरती हवी. तृतीयेला पूर्ण भरती सव्वादोनला, म्हणजे दीडपर्यंत तिथे असायला हवं. समुद्राकाठी उमामहेश्वराच्या देवळाजवळ कातळात एक अरुंद, खोल भेग आहे, बामणघळ. भरतीची लाट बाहेरून त्या भेगेत शिरते, आतल्या टोकाला कोंडते आणि जायला जागा नाही म्हणून सरळ वर उसळते. आधी आत कुठेतरी खोल गडगडतं, पायाखालचा कातळ किंचित थरथरल्यासारखा होतो, आणि मग पांढरा फवारा माडाच्या उंचीकडे झेपावतो. ओहोटीला आलात तर एक साधी भेग दिसेल आणि 'यासाठी आणलंस?' असं घरचे विचारतील. घळीत पडलेल्या ब्राह्मणावरून नाव पडलं म्हणतात. गोष्ट खरी असो नसो, कडेला वाकू नका. फवाऱ्याने कातळ सतत ओला असतो आणि त्याच्याखाली धरायला काही नाही.

हेदवीहून गुहागर-चिपळूणमार्गे घाट चढून रात्री पुण्यात. फेरीच्या वेळा निघायच्या दिवशी सकाळी फोन करून विचारा. ती चुकली तर वळसा फार मोठा पडतो.

बाकी किरकोळ. माणशी दोन-तीन लिटर पाणी, सड्यावर कुठेही मिळत नाही. कालवांच्या कातळावर अनवाणी किंवा चपलेत जायचं नाही, ती जखम लवकर भरत नाही. हिवाळ्यात कलमं मोहोरलेली असतात. बागेतून जायची वेळ आली तर हाक मारून विचारा, कोकणात कोणी नाही म्हणत नाही, पण न विचारता गडगा ओलांडलेला कोणाला आवडत नाही. गडग्याचा दगड पडला तर लावून ठेवा, बेडं, म्हणजे बागेचं फाटक, उघडलंत तर लावून घ्या, नाहीतर मागून गुरं आत शिरतात. कोणी लाटेत सापडलंच तर मागोमाग उडी मारू नका: दोर, रिकामी बंद बाटली, ओढणी, जे तरंगेल किंवा पोचेल ते टाका, 112 लावा आणि जवळच्या मच्छीमाराला हाक मारा. सॅकमध्ये पंधरा-वीस मीटर दोर असू द्या, सह्याद्रीत नेता तोच चालेल.

वाटाड्याबद्दल: रत्नदुर्ग, आरे-वारे, गणपतीपुळे, कऱ्हाटेश्वर इथे नको. देवघळीत उतरणार असाल तर हवाच. आणि नकाशात दिसलेल्या एखाद्या निनावी टोकावर जायची इच्छा झाली, जी होतेच, तर आधी खालच्या वाडीत विचारा.

पावसाळ्यात यायचा विचार कधी केलात तर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर सड्यांवर फुलं असतात, निळी सीतेची आसवं आणि पांढरे गेंद, आणि तेव्हा फक्त माथ्यावर फिरायचं. त्या दिवसांत कड्याखाली कोणी जात नाही, मच्छीमारही.

तारखा ठरल्या की तिथीसकट कळवा. चतुर्थी-पंचमी आली तर ओहोटी पावणेनऊ-साडेनऊला जाते, मग हत्ती आणि देवघळीच्या मध्ये चहा बसतो, पण बामणघळीची भरती तीन-पावणेचारला येईल आणि घाटात अंधार होईल, तेव्हा तिसरा मुक्काम गुहागरला धरा.